कानतुटक्या कपाची गोष्ट

आमच्या घराण्यात प्रत्येकाला काही ना काही येतं. थोरल्या भावाला शेती येते, मधल्याला भांडण येतं, चुलतभावाला सरकारी कागदावर सही नेमकी कुठे करायची ते येतं. मला गोष्ट सांगता येते. बाकी काही येत नाही म्हणून ही येते, असं माझी बायको म्हणते आणि सव्वीस वर्षांच्या संसारानंतर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. हायस्कूलात मी मराठी शिकवतो. तिथे माझं कोणी ऐकत नाही. पण घरी साखरपुडा असो, बारसं असो, की शेतातल्या मारोतीपुढे रोडगे असोत, जेवणं आटोपली की कोणीतरी म्हणणारच, "मास्तर, आता कपाची होऊन जाऊ द्या." मग मी उगीच नाही-नाही म्हणतो, पोटावरचा शर्ट खाली ओढतो आणि सुरू होतो. बायको आत जाता जाता म्हणते, "लागली कॅसेट."

गोष्ट अशी. मी नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव अल्लीपूरपासून सायकलनं जाता येईल एवढ्यावर, काळ्या रानाचं, कापसाचं. वेचायला बाया यायच्या त्या बहुतेक बौद्ध मोहल्ल्यातल्या. संध्याकाळी गाठोडी घेऊन आमच्या अंगणात आल्या की त्यांना चहा मिळायचा. त्यांचे कप गोठ्याच्या कोनाड्यात असत. वरून चहा ओतायचा, त्यांनी प्यायचा, त्यांनीच विसळून कोनाड्यात ठेवायचा. त्यातल्या एका कपाचा कान तुटलेला होता. तो माझ्या वर्गमित्राच्या मायचा.

आता गंमत म्हणजे घरातही एक कप कानतुटकाच होता, त्याच डझनातला, तशाच निळ्या फुलांचा. तो माझ्या मोठ्या मायचा, म्हणजे थोरल्या काकूचा. ती इतकी काटकसरी की फेकून द्यायला तिचा जीव होईना. दोन्ही कप अगदी सारखे. घोटाळा होऊ नये म्हणून मोठ्या बाबांनी, तिच्या नवऱ्यानं, गोठ्यातल्या कपाच्या बुडाला बैलांच्या दमणीच्या चाकाचा उरलेला लाल रंग बोटानं लावून ठेवला होता. आणि एके दिवशी ते कप बदलले. मोठ्या मायनं फुर्रर्र करत चहा घेतला, कप पालथा घातला आणि बुडाला लाल टिपका!

इथून पुढे माझी खरी कामगिरी सुरू होते. मोठी माय घशात बोटं घालते आहे, तिचा "ऑऽ ऑऽ" असा आवाज मी इतका हुबेहूब काढतो की एकदा शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं होतं. कडुनिंबाचा पाला चावून होतो. मग गोमूत्र हवं. सगळं घर पितळी गडवा घेऊन गायीमागे उभं, आणि गाय काही केल्या मुतेना. मोठे बाबा शीळ घालतात, कोणी पाण्याची धार सोडून दाखवतं, गाय वळून वळून सगळ्यांकडे बघते. इथपर्यंत आल्यावर माझ्या बहिणींच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं. शेवटी मोठे बाबा आम्हा पोरांना रांगेत उभं करून गरजतात, "कोणं ठेवला बे हा कप इथी?" मी छाती पुढे काढून माझ्या मित्राचं नाव सांगतो. हे नाव इतकं पाठ झालेलं आहे की मला सांगावं लागत नाही. बसलेले सगळे, अगदी बोबडी नातवंडंसुद्धा, एका सुरात ते ओरडतात. मग घरातले सगळे कप उकिरड्यावर गेले आणि आठवडाभर आम्ही वाटीतून चहा प्यालो, असा शेवट.

कप मी बदलले होते. दोन कानतुटके शेजारी शेजारी ठेवून जोडी कशी दिसते ते पाहायचं होतं. पाहिलं आणि परत ठेवताना अदलाबदल झाली. बस्स, एवढंच. पण गोष्टीत हे कधी आलं नाही, कारण गोष्ट सांगणारा चोर निघाला तर लोक हसत नाहीत.

माझा तो मित्र पुढे जनावरांच्या दवाखान्यात लागला. सगळा गाव त्याला डॉक्टर म्हणतो. चारचौघांत मीही म्हणतो, एकटे असलो की 'बे' म्हणतो. आमच्या मोहल्ल्यातली गाय अडली तर पहाटे फोन त्यालाच. खांद्यापर्यंत हात आत घालून वासरू फिरवतो, बाहेर ओढतो. तो गोठ्यात चालतो, गायीला चालतो, बैलाला चालतो. मग हातपाय धुऊन ओट्यावर बसला की चहा येतो, कागदी कपात. आमच्याकडे हल्ली घरोघरी कागदी कपांची चळत असते. जातीचं नाव कोणी काढत नाही. कोण आलंय ते पाहून चळत खाली निघते. माझ्याही घरात निघायची. बायको म्हणायची, "घासायले नको." मी मराठीचा शिक्षक मान डोलवायचो.

परवापरवा गावात मिरवणुकीच्या रस्त्यावरून भांडण झालं. डीजे, घोषणा, कोणाच्या तरी मोबाइलवर कोणीतरी ठेवलेलं काहीतरी, मग एक दगड. दोन डोकी फुटली, एक इकडचं, एक तिकडचं. आठ दिवस स्टँडजवळच्या लिंबाखाली पोलिसांची गाडी उभी होती. ती गेली, पण त्या हंगामात आमच्या लोकांनी वेचायला बौद्ध मोहल्ल्यातल्या बायांना बोलावलं नाही, लांबून गाडी भरून दुसऱ्या आणल्या. ज्या अंगणात त्यांच्या आज्यांनी गाठोडी टाकली, त्या अंगणावरून त्या खाली मान घालून जाऊ लागल्या.

तेव्हा शहरातून समाजकार्य शिकलेली एक ताई आमच्या शाळेत आली. वय माझ्या मुलीएवढं. सोबत दोन पोरं, एक ढोलकी, रंगांचे डबे आणि मातीचं एक पोतं. दर रविवारी दोन्ही मोहल्ल्यांनी एकत्र बसायचं, मातीकाम करायचं, चित्रं काढायची, आपापल्या गोष्टी सांगायच्या आणि शेवटी त्या गोष्टींचं नाटक बसवायचं, अशी तिची कल्पना. "जात तोंडानं बोलता येत नाही तेव्हा हातानं बोलता येते," असं ती म्हणाली. आमच्या मुख्याध्यापकांनी हॉलची किल्ली आणि मला, दोन्ही तिच्या हवाली केलं. "यांना हौस आहे," ते म्हणाले. डॉक्टरला मी ओढून नेलं.

"मी काय करू बे तिथी? ढोरं तं येणार नाई," तो म्हणाला.

"नाश्ता आहे," मी म्हटलं.

"मंग तुह्या मोहल्ल्यातले येतीनच."

ताईनं आम्हाला गोल बसायला सांगितलं. पन्नाशीच्या माणसानं जमिनीवर मांडी घालणं हेच मुळात सामाजिक काम आहे. गोल झाला, पण त्याचा अर्धा भाग आमचा आणि अर्धा तिकडचा. मध्ये दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसेल एवढी फट. ताईनं ती पाहिली. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, घरातली अशी एक वस्तू आणा जिच्यात तुमचं काही अडकलंय. आमच्याकडच्या एकानं प्रेशर कुकर आणला होता. तिकडच्या एका म्हाताऱ्यानं वडिलांच्या गायनपार्टीचा फुटका डफ आणला होता.

"सर, तुम्ही रिकामेच आलात?"

"माझी वस्तू उकिरड्यावर जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली," मी म्हटलं. लोक हसले. मला तेवढंच पुरतं.

तिनं मातीचा गोळा दिला. मी कप केला, त्याला कान लावला आणि सगळ्यांसमोर तो चिमटीनं तोडला. मग गोष्ट सुरू केली. डॉक्टर समोर बसलेला आहे हे मला दिसत होतं. मला वाटलं, आता आपण मोठे झालो, शिकलो, हसून मोकळं व्हावं. खरं सांगायचं तर त्याहून वाईट. मला वाटलं की एवढा जातीचा विटाळ हसण्यावारी नेणारा माणूस म्हणून तिकडचे लोक मला मानतील. गोमूत्रापर्यंत आलो तेव्हा गोलाचा आमचा अर्धा भाग लोळत होता. तिकडच्या अर्ध्या भागात एकदोघे हसले, परक्याच्या घरी हसतात तसे. डॉक्टर खाली मान घालून मातीशी खेळत होता. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी घेतलं नाही, नुसता त्याच्याकडे हात केला. हा माझा सभ्यपणा.

त्यानं हातातली माती सतरंजीवर ठेवली. मातीची एक लांब, बारीक काडी वळली होती त्यानं, कापसाच्या वाळल्या झाडाची असते तशी. ती त्यानं माझ्या कपाशेजारी नीट सरळ मांडली.

"मास्तरनं सांगितलं ते बराबर आहे," तो म्हणाला. "पण मास्तर तिथीच थांबते. पुढचं मी सांगतो. ही पऱ्हाटीची काडी आहे. मोठ्या बाबानं माह्या मायले बलावलं. म्हणे, तुह्या पोट्ट्यानं घर बाटवलं, आता आमच्यासमोर मार त्याले. अंगणात पऱ्हाटीचा ढीग व्हता. तिनं एक काडी उचलली. ती मोडली, मंग दुसरी घेतली. मी रडलो नाई. मी मास्तरकडे पाहून राह्यलो व्हतो. मास्तर ओट्यावर उभा व्हता. म्हटलं, आता सांगन. आता सांगन."

त्यानं काडी बोटानं जरा पुढे सरकवली.

"घरी जातानी रस्त्यानं मायनं इचारलं, तू ठेवला व्हता का? म्हटलं, नाई. म्हणे, मले माहीत व्हतं रे. मी नसतं मारलं तं त्यायनं मारलं असतं. त्यायचा हात जास्त लागते."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मरेपर्यंत तुमच्या मोहल्ल्यात माह्या मायचं नाव काय व्हतं, मास्तर?"

मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. "कपवाली," मी म्हटलं.

"हाव. कपवाली. तिच्या मातीले तुमच्याकडचे दोघं आलते. मागं उभं राहून एक जण दुसऱ्याले सांगून राह्यला व्हता, कपवाली गेली म्हणून."

मी विसरलो नव्हतो. लोकांना वाटतं अशा गोष्टी माणूस विसरतो. ओट्यावर उभं राहून मी सगळं पाहिलं होतं, तिच्या हिरव्या बांगड्याही मला आठवत होत्या. ते फक्त मी गोष्टीत घालत नव्हतो. तिथे हसू येत नाही.

ताईचे डोळे भरून आले होते. "हेच," ती म्हणाली, "हेच नाटकात यायला हवं. तुम्ही दोघांनीच करायचं. डॉक्टर, कराल?"

"करतो ना," तो म्हणाला. "पण याच्या आधी यानं हे आपल्या घरी सांगावं. जिथी बसून हसवते, तिथीच. कप कोणं ठेवला ते सांगावं, अन् मंग काय झालं तेही. मोठी माय जिती आहे तवर. तिच्यासमोर."

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच."

त्याची माय जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्यावरचं ते नाव काढायचं होतं, आणि काढू शकणारी माणसं जगात दोनच उरली होती. एक मी, जो बोलणार, आणि दुसरी मोठी माय, जी ऐकणार.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली. "खरंच तुमी ठेवला व्हता?"

"हो."

"अन् मी सव्वीस वर्षांपासून हसून राह्यली." तिनं भाकरी तव्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी कागदी कपांची चळत तिनं माळ्यावर फेकली, मला काही न विचारता. आमच्या घरातली सुधारणा अशी एका वाक्यात आणि माझ्याशिवाय होते.

रोडग्यांचं आमंत्रण द्यायला मी स्वतः डॉक्टरच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं चहाचं विचारलं. आजवर मी "आत्ताच घेऊन निघालो" म्हणत आलो होतो, इतक्या वर्षांपासून की विचारतानाच तिला उत्तर माहीत असायचं. त्या दिवशी म्हटलं, "ठेवा, वहिनी." प्यालो, आणि पिऊन झाल्यावर कप हातात धरून जरा वेळ बसलो, कोणी काही म्हणतं का ते पाहत. कोणी काही म्हणालं नाही. त्यांच्या दृष्टीनं तो नुसता चहा होता.

रोडगे म्हणजे आमच्याकडे कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात चुरायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. शेतातल्या मारोतीला नैवेद्य, मग झाडाखाली पंगत. पत्रावळी सगळ्यांना सारख्याच, त्यामुळे ताटाचा प्रश्न नव्हता. मला हे फार सोयीचं वाटलं. चाळीसेक माणसं होती. डॉक्टर आला, पांढरा शर्ट घालून, मोटारसायकल धुऱ्याजवळ, शेताच्या बांधाला लावून. थोरला भाऊ म्हणाला, "या या, डॉक्टर! बसा. बैलाले पाहून घेता का आधी?" त्यानं बैलाला पाहून घेतलं. मग बसला. मोठी माय खाटेवर, पंचाऐंशी पार केलेली, कान तिखट. "कोण आलं?" तिनं विचारलं. सांगितल्यावर म्हणाली, "कपवालीचा? बस बाप्पा, बस."

जेवणं अर्धी झाली आणि पुतण्या ओरडला, "काका, कपाची!"

शाळेत जाता-येता गाडीवर मी हे पाठ केलं होतं. पहिलंच वाक्य असं होतं, "आज मी ही गोष्ट वेगळी सांगणार आहे." ते मी म्हटलंसुद्धा. लोक हसले. मी तोंड उघडलं की हसायचं ही त्यांना सवय. बहिणीनं पदर तोंडाशी नेलाच होता. आणि मला वाटलं, थोडं सुरुवातीपासून सांगावं, म्हणजे ओघात येईल. निळी फुलं आली. लाल टिपका आला. टिपक्यानंतर "ऑऽ ऑऽ" न करता कसं पुढे जायचं मला कळेना. म्हणून केलं. मोठी माय स्वतःच खाटेवर हसून हलायला लागली. मग गाय आली. गाय आल्यावर काय, मी सुटलोच. डॉक्टर रोडगा चुरत होता. अगदी बारीक, पीठ होईस्तोवर.

"कोणं ठेवला बे हा कप इथी?" मोठ्या बाबांच्या आवाजात मी गरजलो.

आणि चाळीस माणसांनी, तो तिथे बसलेला असताना, एका सुरात त्याचं नाव घेतलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. एका लहान पोरीनं तर त्याच्याकडे बोट दाखवून टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "नाही. मी ठेवला होता."

मग असा हशा उठला की झाडावरची पाखरं उडाली. "काका, हे नवीन आहे!" पुतण्या म्हणाला. मधला भाऊ मांडीवर थाप मारत म्हणाला, "डॉक्टरसमोर बेटा फिरला!" मी पुन्हा म्हटलं, "अरे, खरंच सांगतो, मीच ठेवला होता." आणखी हसले. मोठ्या मायनं खाटेवरून हात पुढे करून माझ्या डोक्यावर ठेवला. "आमचं पोट्टं पहिल्यापासून मोठ्या मनाचं आहे बाप्पा," ती म्हणाली. "पाहुण्याले वाईट वाटू नये म्हणून दुसऱ्याचं आपल्यावर घेते."

आता पुढचं सांगायचं होतं. पऱ्हाटी, बांगड्या, ओटा. तोंडाशी आलं होतं. आणि डोक्यावर तिचा हात होता. तो हात गरम होता, आणि चाळीस माणसं माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहत होती. थोरल्या भावानं हाक दिली, "तूप आणा रे इकडे!" तूप आलं. मी खाली बसलो. बसताना मला हायसं वाटलं, हे मी लपवत नाही. लपवण्यासारखं खूप झालंय.

हात धुऊन डॉक्टर धुऱ्याकडे निघाला. मी मागे गेलो.

"सांगितलं ना बे मी. दोनदा सांगितलं."

"हाव, सांगितलं." त्यानं गाडीचा स्टँड काढला. "लय हसले."

"त्यांना खरं वाटलं नाही, त्याला मी काय करू?"

"तू ओट्यावरच उभा आहे अजून," तो म्हणाला. आवाज चढवून नाही, गायीचं दुखणं सांगावं तसं. "बैलाच्या खुरात जखम आहे. भावाले सांगजो, चिखलात बांधू नको म्हणा." आणि गेला.

नाटक झालं. शाळेच्या मैदानात, मंडप टाकून, पाहुणे बोलावून. त्यात डॉक्टर नव्हता. "दवाखान्यात काम आहे," त्यानं ताईला फोनवर सांगितलं. तो प्रसंग गळला, म्हणून त्याच्या जागी मी एका संध्याकाळी दुसरा लिहून दिला. दोन शेजारी, एक इकडचा, एक तिकडचा, एकमेकांना आपापल्या सणाचा लाडू देतात आणि गळ्यात पडतात. टाळ्या खूप पडल्या. शाळेच्या भिंतीवर दोन्ही मोहल्ल्यांच्या हातांचे ठसे उमटवले. कोणाचा हात कोणत्या रंगाचा यावर अर्धा तास गेला, शेवटी सगळ्यांनी जांभळा घेतला. पाहुण्यांनी मला नारळ आणि स्मृतिचिन्ह दिलं. ताई निघताना म्हणाली, "सर, त्या कपाचं झालं असतं तर..." तिनं माझा तो मातीचा कप आणि त्याची काडी खोक्यात घालून ठेवली होती. वाळून काडीचे तीन तुकडे झाले होते. कप धड होता.

पुढच्या वेचणीला बौद्ध मोहल्ल्यातल्या चार बायांना पुन्हा बोलावणं गेलं. लांबून गाडी आणणं परवडत नव्हतं म्हणून.

मोठी माय थंडीत गेली. झोपेत, सुखानं. तेरवीला सगळे जमले. जेवणं झाल्यावर गेलेल्या माणसाच्या आठवणी निघतात तशा निघाल्या आणि पुतण्या म्हणाला, "कपाची सांगतो." मला नाही विचारलं त्यानं, स्वतःच सुरू झाला. चांगलं सांगतो पोरगा. "ऑऽ ऑऽ" माझ्याहून चांगलं करतो. शेवट मात्र नवा होता. रोडग्याच्या दिवशी काका कसे उभे राहिले, गळा दाटून कसे म्हणाले, "मी ठेवला होता", आणि आजीनं डोक्यावर हात ठेवून काय म्हटलं. माझा दाटलेला गळा त्यानं इतका हुबेहूब काढला की लोक हसता हसता रडले. गोष्टीत आता मी मोठ्या मनाचा होतो. हे असंच पुढे जाणार, माझ्या नातवंडांपर्यंत.

तेव्हा मी उठलो आणि सगळं सांगितलं. कप, जोडी, पऱ्हाटी, पहिली काडी, दुसरी काडी, ओटा. एकही आवाज काढून दाखवला नाही. कोणी हसलं नाही. थोरला भाऊ पानाला चुना लावत होता, तो म्हणाला, "बरं. पण आज तेरवीच्या दिवशी हे काऊन काढून राह्यला?" मधला म्हणाला, "गेलेल्या माणसाले बोल लावू नये." बहीण उठून भांडी आवरायला लागली. तेवढंच झालं. बायको एकटी माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या पाहण्यात शाबासकी नव्हती.

तसाच उठून डॉक्टरकडे गेलो. तो अंगणात एका शेळीला औषध पाजत होता. गुडघ्यात मान धरलेली, हातात बाटली.

"सांगितलं आज," मी म्हटलं. "सगळं. पऱ्हाटीचंसुद्धा."

"कुठी?"

"घरी. तेरवीत. सगळे होते."

शेळीनं औषध थुंकलं. त्यानं तिचा जबडा पुन्हा उघडला.

"मोठी माय व्हती का?"

त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. शेळीच्या मालकाला म्हणाला, "मान वर धरजो, नाईतं ठसका लागन."

त्याची बायको दारात आली, मला पाहिलं, आत गेली. मी ओट्याच्या कडेला बराच वेळ बसलो. शेळी गेली, मग एक कालवड आली, तीही गेली. त्यानं हात धुतले, बाटल्या पेटीत लावल्या.

चहाचं कोणी विचारलं नाही. त्या दिवशी मी घरून घेऊन निघालो नव्हतो.